जयवंती नाखवाचं ‘कुठून?’

आमच्या मोजणीच्या ऑफिसात कोणी नुसतं म्हणालं की अमुक गाव लांब आहे, तर कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज यायचा, “कुठून?” बोलणाऱ्याला वाटायचं, बाईला ऐकू आलं नाही. तो पुन्हा सांगायचा. पुन्हा तोच आवाज, तितकाच शांत, “हो, पण कुठून?” मग त्याला सांगावंच लागायचं, की बाई, एस.टी. स्टँडपासून, किंवा माझ्या घरापासून. तेवढं कळलं की जयवंती नाखवा मान हलवायची आणि परत आपल्या नकाशात डोकं घालायची.

मी तिथं वरिष्ठ लिपिक होतो. सगळे मला भाऊसाहेब म्हणत, आणि कामं मात्र शिपायासारखी सांगत. जयवंती भूकरमापक, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजायला जाणारी. कोळ्याची पोर आणि जमीन मोजते, ह्यावर गावोगाव लोक हसायचे. हसून घ्यायचे आणि मग दिवसभर तिच्यामागून उन्हात चालायचे. एकदा दोन सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावले. थोरला म्हणाला, ह्यानं बांध हातभर आत सारलाय. जयवंतीनं विचारलं, “कुठून हातभर?” तो म्हणाला, माझ्या शेतातून. धाकटा म्हणाला, नाही, माझ्या. बाई आंब्याखाली बसली, डबा उघडला आणि म्हणाली, “तुम्ही दोघं मिळून एक दगड ठरवा. ठरला की मला हाक मारा. मी इथंच आहे.” ते दोघं तासभर शिव्या देत होते. बाईचा डबा संपला, पाणी पिऊन झालं, तरी ती हलली नाही. शेवटी दोघांनी मुकाट्यानं आजोबांच्या वेळचा दगड दाखवला आणि मोजणी झाली.

लग्न केलं नव्हतं तिनं. का केलं नाही, हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. मी एकदा विचारणार होतो, पण तिनं नुसतं वर बघितलं आणि मी चहाचं विचारलं.

तिचा बाप धाकू नाखवा, थळच्या अलीकडच्या आमच्याच किनाऱ्यावरचा नावाजलेला तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा धनी माणूस. जाळं कुठं टाकायचं, कधी ओढायचं, ते त्यानं सांगायचं आणि खलाशांनी करायचं. दर्यावर ह्याचा आवाज इंजिनाच्या वर जायचा म्हणतात. मी रविवारी मासळीला जायचो तेव्हा किनाऱ्यावरसुद्धा तो असा बोलायचा की बोंबील परत उडी मारतील असं वाटायचं. ह्या माणसाला एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. पाय हळूहळू सुधारला, बोलणं तुटक झालं, आणि उजवा हात खांद्यापासून लोंबकळत राहिला.

अलिबागच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं. हात चालवला तर येईल, नाही चालवला तर आखडून बसेल, मग कोणाच्या बापाला सरळ करता येणार नाही. दाबायला रबरी चेंडू दिला. धाकूनं तो डाव्या हातानं भिरकावला तो शेजारच्या कोंबड्यांत. जयवंतीनं आणून दिला, त्यानं पुन्हा फेकला. “मी काय पोर हाय?” एवढंच बोलला. नंतर तर तेही नाही. उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि दिवसभर पाण्याकडं बघत बसायचा.

मी जयवंतीला म्हणालो, “वय झालं त्यांचं. आता आहे तसं घ्यायचं.”

“भाऊसाहेब, हात मेला नाही अजून,” ती म्हणाली. “तो फक्त कामावर येत नाहीये.”

दुसऱ्या आठवड्यात तिनं सेकंडहँड लॅपटॉप आणला. जेवणाच्या सुट्टीत कानात वायर घालून व्हिडिओ बघायला लागली. मला वाटलं, बाईला उशिरा का होईना सिनेमाचा नाद लागला. विचारलं तर म्हणाली, “गेम बनवतेय. आबासाठी. टॅबवर होडी न्यायची, जाळं टाकायचं. चेंडू नको ना त्याला? मग त्याचंच काम देते त्याला. बघू कसा फेकतो.”

मी हसलो. हसायचंच ते काम होतं. पस्तिशीच्या पुढची सरकारी बाई, इंग्रजी तुमच्याआमच्याइतकंच, आणि कॉम्प्युटरवर सातबारा सोडून दुसरं काही उघडलेलं नाही. पण पहाटे उठून ती शिकायची, मासळीचा बाजार भरायच्या आत. एखादी ओळ अडली की तीच ओळ कागदावर लिहून दिवसभर पर्समध्ये घेऊन फिरायची. मोजणीला गेली की साखळीचं एक टोक माणसाच्या हातात देऊन, तो दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत, तो कागद काढून वाचायची. महिन्याभरात टॅबवर आमचा किनारा उमटला. धक्का, कोळीवाडा, समोरच्या बेटावरचा किल्ला, खाडीचं तोंड, सगळं मापात. मोजणीवालीच ती.

पहिल्यांदा तिनं तो बापासमोर धरला तेव्हा मी तिथं होतो, पिशवीत सुरमई घेऊन. धाकूनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तोंड फिरवलं आणि म्हणाला, “ह्यो गाव आपला नाय.”

खरंच नव्हता. खाडीचं तोंड आमच्या उत्तरेला, ते टॅबवर दक्षिणेला गेलं होतं. सगळा किनारा वरचा खाली झाला होता. दुसऱ्या दिवशी तिनं मला कारण सांगितलं. आमच्या नकाशात उत्तरेकडं जावं तसा आकडा वाढतो, म्हणजे वर. स्क्रीनवर मात्र शून्य असतं वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि खाली उतरावं तसा आकडा वाढतो. तिनं खरी मापं तशीच्या तशी स्क्रीनला दिली, आणि स्क्रीननं गाव उलटं टांगलं.

“मग आता?” मी म्हणालो.

“आता काय, त्याची रीत वेगळी, आपली वेगळी. मधे बदलून द्यायचं.” आणि तिनं ते संध्याकाळपर्यंत सरळ केलं.

गाव सरळ झालं तरी धाकू काही हात लावेना. सगळा दर्या एका स्क्रीनवर मावलेला, आणि त्यात होडी मुंगीएवढी. त्यानं टॅब जयवंतीच्या मांडीवर ठेवला आणि एक वाक्य बोलला. तुटक बोलला, पण मी ऐकलं. “तू किनाऱ्यावरनं बघतंस. बाया बघतात तसा.”

हे तिला लागलं. आमच्या इकडं मासेमारीच्या होडीवर बायका चढत नाहीत. होडी रंगवतील, पूजेला हळदकुंकू वाहतील, आलेली मासळी डोक्यावरून नेतील, विकतील, वाळवतील, पण होडी सुटली की त्यांनी किनाऱ्यावर उभं राहायचं. सगळा जन्म त्यांनी होडी लहान होत जाताना आणि मोठी होत येताना बघायची. जयवंतीनं गेममध्ये तेच केलं होतं.

मी आपला शहाणपणा शिकवला. म्हणालो, मांडव्याहून मुंबईच्या बोटीत बस, जाऊन ये, पाणी दिसेल. ती खरंच गेली. परत आली आणि म्हणाली, “ते पाणी वेगळं. आबाचा किनारा तिथून दिसत नाही.” मग तिनं चुलतभाऊ मोहनला गाठलं. धाकूची होडी आता मोहन चालवत होता आणि तो शेजारच्याच घरात राहायचा.

मोहन म्हणाला, “बायांनी होडीव चढाचा नाय, अक्का. माझे खलाशी नाय यायचे मंग.”

“नको येऊ देत. तू ये.”

“लोक काय बोलतील?”

“बोलतील ना. मी सगळ्यांच्या जमिनी मोजल्यात मोहन, मला बोलणं नवीन नाही. आबाचा हात परत यायचाय, तो लोकांच्या बोलण्यानं येणार असेल तर सांग, मी घरी बसते.”

चार दिवस ती रोज सकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहिली. भांडली नाही, रडली नाही. उभी राहिली. पाचव्या दिवशी मोहननं फळी टाकली. खलाशी आले, तोंड फिरवून बसले, पण आले. आणि आमची ही कोळ्याची पोर, मोजणीवाली, धक्का दिसेनासा व्हायच्या आत ओकायला लागली. मोहन मला हे सांगताना पोट धरून हसायचा. ओकत होती आणि मधेच डोकं वर काढून फोनवर जागा नोंदवत होती. शेवटी मोहननं इंजिन बंद केलं आणि दाखवलं. कारखान्याची चिमणी किल्ल्याच्या बुरजामागं लपली की ती धाकू तांडेलाची जागा. इथं त्यानं आयुष्यभर जाळं टाकलं.

परत आल्यावर तिचा चेहरा पिवळा पडलेला, पण डोळे असे लकाकत होते की मला तिला बसायला सांगायचंही सुचलं नाही. म्हणाली, “भाऊसाहेब, होडी हलतच नाही. होडी जिथल्या तिथं असते. किनारा मागं जातो.”

तिनं गेम नव्यानं मांडला. आता होडी कायम स्क्रीनच्या मध्ये, मोठी, आणि काचेवर बोट ओढलं की दर्या सरकायचा. धक्का मागं जायचा, किल्ला बाजूनं यायचा. बोट टेकवाल तिथं जाळं पडायचं. ह्या वेळी धाकूनं टॅब ओढून घेतला. तोही डाव्या हातानं. मग जयवंतीनं तिची युक्ती काढली. बापाच्या डाव्या बाजूला बसली, त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही. “आता कर कशानं करतोस ते.”

त्यानं तिला शिव्या घातल्या. त्या मी लिहीत नाही. पण झटक्यानंतर एका दमात एवढं बोलणं पहिल्यांदाच, म्हणून ती हसत होती. आणि मग त्यानं उजवा हात खांद्यातून ढकलत, मनगट घासत, काचेवर आणला. होडी हलली.

धक्क्याजवळ त्यानं जाळं टाकलं, बरोबर पडलं. पुन्हा टाकलं, बरोबर. मग म्हातारा निघाला. घाम यायचा, हात घसरायचा, दम खायचा, परत ढकलायचा. असं करत करत काही दिवसांनी किल्ल्याला वळसा घालून आपल्या जागेवर पोचला. चिमणीची आणि बुरजाची रेघ त्यानं टॅबवरही ओळखली. थांबला. आणि जाळं टाकलं.

जाळं पडलंच नाही. पुन्हा बोट टेकवलं. नाही. पुन्हा, पुन्हा, हात काचेवरून घसरेपर्यंत. पाण्यात काही नाही. त्यानं होडी वळवली आणि सगळी वाट परत आला. धक्का दिसला, कोळीवाडा दिसला, आणि त्याच्या स्वतःच्या घराच्या कौलांवर सगळी जाळी एकावर एक पडलेली.

मोहन हसला. दुसरं कोणी हसलं नाही. धाकूनं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. “दर्यान पन माझा जालं घरावच परत टाकलाय,” म्हणाला, आणि टॅबकडं पाठ करून बसला. मग तो टॅबकडं वळेचना. जेवताना नाही, कोणी हाक मारली तरी नाही. आठवडाभरात मनगट पुन्हा आत वळायला लागलं.

त्या आठवड्यात जयवंतीशी बोलायला मला भीती वाटायची. एक दिवस सुट्टीत ती भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, “भाऊसाहेब, तो फोटो काढून द्या.” माझ्या टेबलामागं माझ्या मुलीच्या लग्नाचा फोटो होता, बुद्धविहारातला. तिनं फोटो बाहेर काढून मला दिला आणि रिकामी चौकट नकाशावर धरली, आमच्या धक्क्यावर.

“ही स्क्रीन. हिच्या ह्या कोपऱ्यापासून टेकवलेलं बोट किती लांब, तेवढंच तिला कळतं. आता कोपरा आणि धक्क्याचा दगड एकाच जागी आहेत, म्हणून माप जुळतं.” मग तिनं चौकट सरकवत पार दर्यात नेली. “होडी इथं आली. आबानं बोट इथं टेकवलं. कोपऱ्यापासून तेवढंच लांब. मी काय केलं? ते माप घेतलं आणि धक्क्याच्या दगडापासून मोजलं. मग जाळं धक्क्याशीच, आमच्या घरावर पडणार. चौकट स्वतः किती लांब गेली, ते मी मिळवलंच नाही.”

मला कळलं. मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल. मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, “होतं असं.”

“नाही होत असं,” ती म्हणाली. चौकट अजून तशीच धरलेली. “सगळ्या तालुक्याला मी विचारते, कुठून. आणि बापाच्या वेळी विचारलं नाही. मी दर्यावर जाऊन आले, ओकून आले, तरी मोजत होते किनाऱ्यावरूनच.”

तिचे डोळे भरले होते. मग तिनं चौकटीची काच पदरानं पुसली, फोटो परत बसवला, खिळ्याला लावला, सरळ आहे का बघितलं, आणि रजेचा अर्ज टाकून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी जाळं जागेवर पडायला लागलं. मग चित्र जवळ आणून मोठं केलं की पुन्हा वाकडं पडायचं. तेव्हा कळलं की जेवढ्या पटीनं मोठं केलं तेवढ्यानं आधी भागायचं आणि मग चौकटीचं माप मिळवायचं, उलटं केलं तर पुन्हा घोटाळा. तेही तिनं नीट केलं. धाकूला ती काही समजावायला गेली नाही. त्याच्या डाव्या बाजूला बसली, डावा हात धरला आणि म्हणाली, “आबा, चूक माझी होती. तुझी जागा बरोबर होती. एकदा जाऊन ये.”

तो सकाळभर हलला नाही. तीही हलली नाही. हे असं बसणं बघून मला आंब्याखालचं बसणं आठवत होतं. दुपारी म्हाताऱ्यानं उजवा हात काचेवर आणला. किल्ल्याला वळसा घालून जागेवर गेला, बोट टेकवलं, आणि जाळं बोटाखाली पसरलं. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. दुसरं टाकलं, जरा लांब. तेही तिथंच पडलं. मग म्हणाला, “वढू कसा?”

ह्या प्रश्नाची ती वाटच बघत होती. जाळं ओढायला तिनं पाची बोटं काचेवर टेकवून जवळ आणायची रीत ठेवली होती. एक बोट जरी उचललेलं राहिलं तरी जाळं वर यायचं नाही. धाकूची बोटं टेकायचीच नाहीत. कित्येक आठवडे रिकाम्या होडीनं परत आला. पण आता तो स्वतः टॅब मागायचा, आणि जाळं येत नाही म्हणून मोहनला, खलाशांना आणि सरकारला शिव्या घालायचा. मी रविवारी गेलो की मला विचारायचा, “भाऊसाब, आज काय मिलेल?” मी म्हणायचो, “पापलेट.” एका रविवारी खरंच मिळालं. टॅबवरचंच, पण म्हाताऱ्यानं ते मला असं दाखवलं की माझी पिशवी पुढं झाली.

मग जयवंतीची बदली झाली, तळ्याला. डोंगरातलं तालुक्याचं गाव, समुद्र नाही, रोज जाऊन येण्यासारखं नाही. आम्ही म्हणालो, अर्ज कर, वडिलांचं कारण दे. ती म्हणाली, अर्ज केलाय, तोवर जायचं. धाकू बरोबर यायला तयार नव्हता. मोहनची बायको दोन वेळचं बघणार होती, आणि टॅब भिंतीला टेकवून ठेवायला जयवंतीनं सुताराकडून फळी करून घेतली होती.

ती निघाली त्या सकाळी मी तिची पेटी एस.टी.पर्यंत न्यायला गेलो. धाकू ओट्यावर बसला होता. जयवंती त्याच्यापुढं वाकली. रोजच्या सवयीनं ती डाव्या बाजूला बसली असती, पण घाईत समोर आली, आणि तिचं मनगट त्याच्या उजव्या हातात गेलं.

“सोड आता आबा. गाडी यायची वेळ झाली.”

त्यानं सोडलं नाही. तिनं हात जरा ओढला. सुटला नाही. मग जरा जोरानं ओढला. पाची बोटं तिच्या मनगटाभोवती घट्ट बसली होती, नखं पांढरी झाली होती. ती हाताकडं बघत राहिली. मी पेटी खाली ठेवली.

“शनवारी येनार ना मी,” ती म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो फाटला. “तला काय लांब नाय.”

“कुठनं?” धाकूनं विचारलं.

रस्त्यावर एस.टी. थांबली, कंडक्टरनं आमच्याकडं बघितलं, दोनदा घंटी दिली आणि गाडी गेली. जयवंती बापाशेजारी ओट्यावर बसली, मनगट तसंच त्याच्या हातात ठेवून. पुढची गाडी दुपारी होती, म्हणून मी पेटी उचलून आत नेऊन ठेवली.